ना नांदणं, ना फारकत

औसा घ्या, निलंगा घ्या, नाहीतर उदगीर. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास टायपिंगवाल्यांची टेबलं असतात. शेताच्या वाटण्या, भाडेकरार, उसनवारीचे कागद जिथे टाइप होतात, तिथेच फारकतही टाइप होते. पाचशे रुपयांचा बॉण्ड, त्यावर आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत आणि यापुढे एकमेकांवर कसलाच हक्क राहिला नाही अशा अर्थाचा मजकूर, दोन्हीकडचे साक्षीदार, शेवटी नोटरीचा शिक्का. त्याआधी कुणा मामाच्या घरी नाहीतर गावच्या पारावर बैठक बसलेली असते. भांडी किती परत द्यायची, दागिने कुणाकडे राहणार, लग्नाच्या खर्चापोटी किती रक्कम टाकायची, हे तिथे ठरलेलं असतं. सह्या झाल्या की दोन्ही घरची माणसं एकदाचे सुटलो म्हणत आपापल्या गावाकडे निघतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते दोघं सकाळी जसे नवरा-बायको होते, तसेच संध्याकाळीही असतात.

फारकत हा शब्द आपल्याकडे फारसी दप्तरातून आला. फारिगखत म्हणजे मोकळं केल्याचा कागद. देणं-घेणं मिटलं, आता एकाचं दुसऱ्याकडे काही राहिलं नाही, याची पावती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यात हा शब्द आजही घटस्फोटापेक्षा जवळचा वाटतो. त्याच्या या मूळ अर्थाला धरूनच एक गोष्ट मांडायची आहे. लग्न मोडणं दुःखाचं असतंच, पण आपल्या भागात त्याहून मोठं दुःख आहे ते हिशेब न मिटता वर्षानुवर्षं अधांतरी राहण्याचं. कोर्टातला गुंता आणि मनाचा जाच यांची गाठ एकच आहे. कायद्याची बाजू जितकी अर्धवट सुटते, तितकं मन अडकून पडतं. म्हणून वेळेत आणि रीतसर झालेला घटस्फोट हा मोडलेल्या संसारातून माणसं वाचवण्याचा मार्ग आहे, असं मला वाटतं.

आकडेही याच दिशेने बोट दाखवतात. २०११ च्या जनगणनेत देशभरात साडेतेरा लाखांच्या आसपास माणसांची नोंद घटस्फोटित अशी झाली, तर विभक्त म्हणून नोंदलेली माणसं पस्तीस लाखांच्या घरात होती. म्हणजे कोर्टाचा कागद हाती असलेल्या एकामागे कागदाविना वेगळी राहणारी अडीच माणसं. दोन्ही गटांत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. हीसुद्धा फक्त उघडपणे सांगितलेली संख्या. मालक पुण्याला कामाला आहेत, असं सांगून वेळ मारून नेणारी बाई मोजणीत विवाहितच राहते. मराठीत या अवस्थेला ‘परित्यक्ता’ हा जड शब्द आहे आणि बोलण्यात ‘टाकलेली’ हा त्याहून जड. हा प्रश्न घरगुती नाही, सार्वजनिक आहे, हे महाराष्ट्रात पहिल्यांदा ठळकपणे मांडलं गेलं ते १९८८ मध्ये, समता आंदोलनाने संगमनेरला भरवलेल्या परित्यक्ता परिषदेत. अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी तेव्हापासून हे काम लावून धरलं. आज सरकारी योजनांनाही हा वर्ग मान्य करावा लागतो. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेच्या पात्रतेत विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्यासोबत परित्यक्ता असा वेगळा उल्लेख आहे. अधांतरी असण्याची सरकारी नोंद होते, पण त्यातून सुटायचं कसं हे गावात कुणी समजावून सांगत नाही.

सुटण्याची वाट कायद्यात आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा हिंदूंना लागू आहे, तसाच लिंगायत, बौद्ध, जैन आणि शीख समाजालाही. म्हणजे लातूर-नांदेडमधल्या बहुतेक घरांना. नवरा-बायको दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर कलम १३-ब खाली परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो. ही सोय १९७६ च्या दुरुस्तीने आली. दोघं किमान वर्षभर वेगळे राहत असले पाहिजेत. एकत्र अर्ज केल्यावर कायदा सहा महिने विचार करायला देतो आणि मग पुन्हा दोघांना विचारून हुकूम होतो. समेटाची शक्यताच उरली नसेल, पोटगी आणि मुलांचा ताबा यांवर तडजोड झालेली असेल आणि दोघं बराच काळ वेगळे राहत असतील, तर हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. एकालाच वेगळं व्हायचं असेल तर कारण सिद्ध करावं लागतं. क्रूर वागणूक, व्यभिचार, किमान दोन वर्षं सोडून जाणं, ही त्यांतली नेहमीची कारणं. बैठकीत ज्या अटी ठरतात, त्याच अटी संमतीच्या अर्जात लिहून कोर्टापुढे ठेवता येतात. बैठक वाया जात नाही. तिच्यावर कोर्टाचं शिक्कामोर्तब तेवढं हवं असतं.

ते नसलं तर काय होतं, हे बारकाईने पाहिलं पाहिजे. बॉण्डच्या भरवशावर नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर ते कायद्याने रद्दबातल ठरतं, आणि द्विभार्या हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ज्या दुसऱ्या मुलीला बॉण्ड दाखवून नांदायला आणलं, तीही फसते. नवऱ्यामागे पेन्शन किंवा फंडाचा प्रश्न आला की बायको कोण, यावरून दोन घरं कोर्टाच्या दारात उभी राहतात. पहिलीचं नुकसान आणखी वेगळं आहे. परस्पर संमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीला दंडाधिकाऱ्याकडून पोटगी मागता येत नाही, असं कायद्यात म्हटलंय. बॉण्डने घटस्फोट तर होत नाही, पण आपण राजीखुशीने वेगळे झालो हे तिने सहीनिशी लिहून दिलेलं असतं. पुढे खावटी मागायला गेली की समोरचा वकील तोच कागद पुढे करू शकतो. ज्या कागदाने सुटका होईल म्हणून तिने अंगठा उठवला, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो. काही जातींत काडीमोडीची जुनी रूढी होती हे खरं, आणि कायद्याने अशा रूढींना जागाही ठेवली आहे. पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि सलग चालत आली आहे, हे सांगणाऱ्याने कोर्टात सिद्ध करावं लागतं. बॉण्डवर लिहिलं म्हणून रूढी सिद्ध होत नाही.

मुस्लिम कुटुंबांच्या बाबतीत हाच मुद्दा लातूरहून गेलेल्या एका पोटगीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. मी तिला आधीच तलाक दिला आहे, एवढं लेखी म्हणणं नवऱ्याने मांडलं तर ते पुरे का, असा प्रश्न होता. २००२ मध्ये पूर्णपीठाने सांगितलं की नुसतं म्हणणं पुरत नाही. तलाकला योग्य कारण होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता आणि त्यानंतर तलाक प्रत्यक्ष दिला गेला, हे सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही एका वेगळ्या खटल्यात, नवऱ्याने लेखी जबाबात केलेल्या दाव्याने तलाक होत नाही, असा निकाल दिला. २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरला, आणि जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागता येते हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. धर्म कोणताही असो, तोंडी सोडून देण्याला आता कोर्ट पुरावा विचारतं.

आता खावटीचं. हुकूम हाती असला तरी पैसे हाती पडत नाहीत ही तक्रार खरी आहे, आणि तिचं मूळ बऱ्याचदा उत्पन्न लपवण्यात असतं. बायको म्हणते बागायत आहे, नवरा म्हणतो सगळं पावसावर. सोयाबीनला यंदा भाव नाही, तूर हातची गेली, हे खोटंही नसतं. यावर नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात देशभरासाठी एक शिस्त घालून दिली. दोन्ही बाजूंनी मालमत्ता, उत्पन्न, कर्ज आणि खर्च यांचं शपथपत्र द्यायचं. त्यात पगार, शेती, वाहन, बँकेची खाती, कर्जाचे हप्ते, सगळे रकाने भरायचे. खोटं लिहिलं तर कारवाई. पोटगी द्यायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. इथे सातबारा, आठ-अ, पीक कर्जाचा उतारा, बाजार समितीतली पट्टी असे साधे कागद भारी पडतात. घटस्फोटाच्या हुकुमात ठरलेल्या पोटगीसाठी नवऱ्याच्या जमिनीवर बोजा चढवण्याचा अधिकारही हिंदू विवाह कायद्याने कोर्टाला दिला आहे. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे दंडाधिकाऱ्याने मंजूर केलेली पोटगी थकली, तर थकल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. आज देईल, उद्या देईल म्हणत तीन वर्षं थांबलेल्या बाईची वसुली या एका नियमापायी अडते.

पैशाच्या या प्रश्नाला माहेरची एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. परत आलेली लेक घरात पाहुणी म्हणून राहते आणि हळूहळू ओझं होते. भाऊ बोलत नाही, पण भावजयीच्या हातची भाकर मोजून पडायला लागते. हळदीकुंकवाला बोलावणं येत नाही, लग्नकार्यात तिला मागे बसवतात. आपण कुणाच्या तरी दयेवर जगतोय ही भावना या सगळ्यामागे असते आणि तीच माणसाला आतून पोखरते. वस्तुस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. वडील २००५ मध्ये हयात नसले तरी तो हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण लग्नानंतर चोळी-बांगडीच्या बदल्यात हक्कसोडपत्रावर सही करून दिलेल्या बहिणी आपल्याकडे कमी नाहीत. संसार मोडला तेव्हा जिच्या नावावर सासरी काही नव्हतं, तिच्या नावावर माहेरीही काही उरत नाही. लेकीचा हिस्सा तिच्या नावावर राहू देणं हा भावनिक आधारच आहे, कारण हक्काने राहणाऱ्या माणसाचं दुःख लवकर भरून येतं.

मनाची बाजू कोर्टाच्या कागदांत येत नाही, म्हणून ती किरकोळ ठरत नाही. लग्न मोडतं तेव्हा माणूस एका घराला, नात्यांच्या गोतावळ्याला आणि मनात रंगवलेल्या आयुष्याला मुकतो. मृत्यूनंतर निदान तेरा दिवस लोक येतात, रडू देतात. घटस्फोटाच्या दुःखाला असा दिवसांचा हिशेब नाही. उलट चूक कुणाची, ही चौकशी सुरू होते. त्यात तारखा. दर महिन्या-दोन महिन्यांनी जुनी जखम उघडते, समोरासमोर यावं लागतं, वकिलाने लिहिलेल्या कडवट मजकुरात स्वतःचं आयुष्य वाचावं लागतं. पुरुषांचीही यातून सुटका नाही. रडू नये, बोलू नये अशा शिकवणीत वाढलेला तरुण कर्जात आणि दारूत मोकळा होऊ पाहतो आणि त्याचं दुःख कुणाला दिसत नाही. झोप उडणं, जेवण तुटणं, जगण्यात अर्थ नाही असं वारंवार मनात येणं, ही मदत घेण्याची वेळ असते. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून, मोफत आणि दिवसरात्र बोलता येतं. वकील जसा कायद्यासाठी लागतो तसा समुपदेशक मनासाठी, एवढं सरळ आपण हे मानलं पाहिजे.

मुलांच्या बाबतीत लातूरवर विशेष जबाबदारी आहे. दहावी-बारावीच्या गुणांसाठी नावाजलेल्या या शहरात मुलाच्या घसरलेल्या टक्क्यांचं कारण क्लासमध्ये शोधलं जातं, घरात शोधलं जात नाही. कायदा म्हणतो की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं, पण शेवटचा निकष एकच, मुलाचं हित. ताबा एकाकडे असला तरी भेटण्याचा हक्क दुसऱ्याला असतो आणि खर्चाची जबाबदारीही सुटत नाही. म्हणून संमतीच्या अर्जात सुट्ट्या कुठे, सणवार कुठे, फी कोण भरणार, आजारपणात कळवायचं कसं, हे ओळीओळीने लिहावं. मोघम लिहिलेली अट पुढे दर दिवाळीत नवं भांडण उभं करते. आणि मुलाला साक्षीदार किंवा निरोप्या करू नये. तुझा बाप असा, तुझी आई तशी, हे ऐकत वाढलेलं मूल दोघांनाही अर्धं अर्धं हरवतं.

रीतसर घटस्फोटाच्या या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो संस्कारांचा. घटस्फोट सोपा केला तर ऊठसूट संसार मोडतील, त्यापेक्षा जुळवून घ्यायला शिकवा, असं जाणती माणसं म्हणतात. त्यामागची कळकळ खोटी नाही आणि कायदाही तेच आधी सांगतो. लातूर आणि नांदेड दोन्ही शहरांत कौटुंबिक न्यायालयं आहेत, आणि १९८४ च्या ज्या कायद्याने अशी न्यायालयं आली, त्याने समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य ठरवलं आहे. पण जुळवून घेणं दोघांचं असतं. मारहाण होत असेल, तर पुन्हा नांदायला पाठवणं म्हणजे लेकीला धोक्यात ढकलणं आहे. अशा वेळी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण, राहायला घर आणि खर्च हे तिन्ही, घटस्फोट न मागताही, मागता येतात. शिवाय काही लग्नं मुळातच मोडकी असतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के, तर परभणीत ४८ टक्के आढळलं. सोळाव्या वर्षी बोहल्यावर चढवलेल्या मुलीला संस्कार शिकवण्याआधी आपणच कायदा मोडला हे कबूल करायला हवं. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत असं लग्न रद्द करून मागण्याचा हक्क तिला २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने दिला आहे, आणि त्यासाठी छळ सिद्ध करावा लागत नाही.

दुसरा आक्षेप पुरुषांच्या बाजूने येतो. बायका कायद्याचा गैरवापर करतात, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांची, लांबच्या नणंदेची नावं फिर्यादीत घालतात. असं घडतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते वेळोवेळी बोलून दाखवलं आहे. म्हणूनच २०१४ पासून अशा प्रकरणांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये असा दंडक आहे. पण हे का घडतं तेही पाहायला हवं. सरळ वाटेने पोटगी आणि फारकत वेळेत मिळत नाही असं दिसलं की दोन्हीकडून एकावर एक केसेस पडतात. फौजदारी फिर्याद सौद्याची चिठ्ठी होते. ज्याचा खरोखर छळ झाला त्याचाही आवाज त्या गोंगाटात दबतो. यावरचा उपाय कायदा बोथट करण्यात नाही. छळ झाला असेल तर फिर्याद द्यावी, नसेल तर देऊ नये, आणि वेगळं होण्याचा अर्ज वेगळा ठेवावा. नवऱ्याकडच्यांनी उत्पन्न न लपवता शपथपत्र द्यावं. निम्मी कटुता इथेच कमी होईल.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कोर्ट म्हणजे वर्षं आणि पैसा. रोजंदारीवरच्या माणसाने बॉण्ड करू नये तर काय करावं? विलंबाची गोष्ट नाकारता येणार नाही. न्यायाधीश, समुपदेशक आणि संरक्षण अधिकारी यांची पदं वेळेत भरणं ही सरकारची जबाबदारी आहे आणि लोकप्रतिनिधींना ती विचारली पाहिजे. पण पैशाचा अडसर लोकांना वाटतो तेवढा नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि कमी उत्पन्नाच्या पुरुषांनाही तो मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती असते. शिवाय २००३ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याखालचा अर्ज बायकोला ती राहते तिथल्या कोर्टात करता येतो. नवरा पुण्याला असो वा बिदरला, माहेरी आलेल्या लेकीला तिकडे खेपा घालाव्या लागत नाहीत. संमतीचा अर्ज असेल तर दोन्ही बाजूंची तयारी असताना तो लांबण्याचं कारणही फारसं उरत नाही. बॉण्डचा खर्च आज कमी दिसतो. दुसऱ्या लग्नाच्या, पेन्शनच्या आणि जमिनीच्या वादात तो पुढे अनेक पटींनी भरावा लागतो.

या सगळ्याचा निवाडा साधा आहे. नातं टिकवण्याचा प्रयत्न मनापासून करावा, आणि ते टिकत नाही हे कळल्यावर माणसाला अधांतरी ठेवू नये. बैठकीला बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती: तुमचा शब्द गावात चालतो, तो लेकराबाळांच्या खर्चासाठी आणि लेकीच्या दागिन्यांसाठी वापरा, आणि जे ठरलं ते टायपिंगच्या टेबलावर न थांबवता कोर्टापर्यंत न्या. ज्यांच्या घरात आज असा कागद तयार होतो आहे, त्यांनी सही करण्याआधी १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक फिरवावा. तो फोन मोफत आहे.